डोलकाठीच्या सहा पट्ट्या

अकोल्याच्या एका स्टीलच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. सहा पट्ट्यांच्या मालात फसवलं, आणि त्या पट्ट्यांवर माझ्या धाकट्या भावाचा जीव टांगलेला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे लोक गोष्ट अर्धी ऐकतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. समुद्रच तो, म्हणतात, माणूस गेला तर नवल काय. समुद्र त्या दिवशी बरा होता. केरळच्या कोळ्यांनी मला सांगितलं, वारा होता पण वादळ नव्हतं.

मी संत्री धुऊन त्यांची लहान-मोठी वर्गवारी करणारी यंत्रं बनवतो. माझा बाप शेंदूरजनाघाटला दुसऱ्यांच्या बागांत तोडणीला जायचा. मी तिथल्या बाजारात पेट्या वाहिल्या, मग वेल्डिंग शिकलो, मग अमरावतीत राजापेठेत एका गाळ्यात दुकान टाकलं, आणि आता औद्योगिक वसाहतीत माझी स्वतःची शेड आहे. कुणी हात धरून वर आणलं नाही. जे शिकलो ते संत्र्याच्या बाजारात, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणाऱ्या दलालांच्या शेजारी उभं राहून. तिथला पहिला नियम असा की माल कशासाठी पाहिजे हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. लग्नासाठी पाहिजे म्हटलं की केळीसुद्धा महाग होतात. हा नियम मी तीस वर्षं पाळला आणि त्याच्या जोरावर शेड उभी केली.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पंधरा वर्षं नौदलात काढून तो परत आला आणि एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायला लागला. त्याची बायको राजापेठेत गणिताचे क्लास घेते. घर तिच्या क्लासवर नीट चालत होतं. भाऊ मात्र त्या बँकेच्या स्टुलावर वाळत चालला होता. एक दिवस तो शेडमध्ये आला आणि त्याने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. कोकणातल्या कुठल्याशा आवारात ताडपत्रीखाली पडलेली, चोवीस फुटांची, फायबरची जुनी शिडाची नाव. ती त्याने विकत घेऊन टाकली होती.

"दादा, आठ महिने तुही शेड पाहिजे."

"कायले?"

"हिले समुद्रात नेण्यालायक करतो. खोल समुद्रात. लक्षद्वीपच्या पलीकडे."

"मंग तिकडंच कर ना, जिथी पाणी आहे. इथी काहून आणतं?"

"तिकडची एका दिवसाची मजुरी म्हणजे इथला आठवडा. आन् तिकडे तू नाहीस."

या शेवटच्या वाक्यावर मी शेड दिली. मला कुणी असं फार वेळा म्हटलेलं नाही.

नाव ट्रेलरवरून आली तेव्हा अर्धी वसाहत बघायला जमली. शेजारच्या शेडमध्ये डाळमिलचे भाग बनवणारा माझा जुना दोस्त कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय भाऊ, अमरावतीले पूर येऊन राहिला का?"

"येऊन राहिला. तुले नाही घेणार नावेत."

"नको घेऊ बाप्पा. माह्याकडे ट्यूब आहे ट्रॅक्टरची."

भावाची काम करायची पद्धत वेगळी होती. पहिल्याच दिवशी त्याने मला नावेच्या आतल्या खोलीत, फरशीवर उताणं झोपायला लावलं. जागा इतकी लहान की माझे पाय बाहेर.

"वर पाह्य. आता हे छत जमीन झालं. नाव उलटली. सांग, तुह्या अंगावर काय काय पडते?"

मी वर पाहिलं. स्टोव्ह, बॅटरी, डबे, फळ्या, अवजारांची पेटी. सगळं पडत होतं. बॅटरीने तर माझं डोकंच फुटलं असतं. तिथून काम सुरू झालं. बॅटरीला मी पोलादी चौकट केली आणि पट्टे आवळले. प्रत्येक कप्प्याच्या दाराला अडसर लावला. पुढच्या आणि मागच्या टोकाला पाणी न शोषणारा फोम भरून दोन्ही कप्पे कायमचे बंद केले, म्हणजे मधे पाणी भरलं तरी नाव तरंगत राहावी. आत उतरायच्या वरच्या झडपेला मी शीतगृहाच्या दाराचं रबर बसवलं. आतून पाण्याच्या पाइपचा फवारा मारला, बाहेरून मारला, एक थेंब झिरपला नाही. भावाने त्या रबराला हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, हे तर मुंबईवाल्यालेही सुचलं नसतं." डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर ताणून दिला. त्याला कमरेची कडी अडकवूनच डेकवर फिरायचं, हा त्याचा नियम. सुकाणू तुटलं तर लावायला दुसरं सुकाणू केलं. हाताचा पंप बसवला, आणि तो बिघडला तर म्हणून दुसरा.

भांडणंही झाली. मी प्रत्येक वस्तूत स्वस्त रस्ता शोधायचो आणि तो नाही म्हणायचा. मी चिडून एकदा पाना फेकला, तो भिंतीला लागला. त्याने उचलून आणून परत माझ्या हातात दिला.

मग त्या पट्ट्या आल्या. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारा असतात, त्या तिला उभी धरतात. प्रत्येक तार खाली एका पोलादी पट्टीला बांधलेली असते, आणि ती पट्टी डेकमधून आत जाऊन नावेच्या पोटाला बोल्टने आवळलेली असते. दोन्ही बाजूंच्या मिळून सहा पट्ट्या. भावाने जुन्या काढल्या आणि नखाने मला दाखवलं. जिथे पट्टी डेकमधून आत शिरते तिथे, बरोबर तेवढ्याच जागी, केसासारखी चीर होती.

"एक पट्टी गेली की तार गेली. तार गेली की काठी गेली."

"आन् काठी गेली की?"

"मंग मी गेलो," तो हसत म्हणाला. "म्हणून यात घासाघीस नको, दादा. तीनशे सोळा नंबरचं स्टील पाहिजे, खाऱ्या पाण्यात टिकते ते. मुंबईत जहाजांचा माल विकतात, तिथून मागव. नंबराच्या कागदासकट."

मी मुंबईला भाव विचारला आणि माझं डोकं गरम झालं. माझ्या धंद्यात स्टीलच आहे. अकोल्याचा एक व्यापारी मला बारा वर्षं पट्टी, पत्रा, पाइप देत होता. त्याच्या घरच्या लग्नाला मी गेलो होतो, माझ्या शेडच्या पूजेला तो आला होता. मी भावाला म्हटलं, माझ्यावर सोड.

अकोल्याला गेलो. व्यापारी गादीवर बसला होता. तो नेहमीप्रमाणे आधी माझ्या तब्येतीचं बोलला. मी म्हटलं, "शेठ, तीनशे सोळाची पट्टी पाहिजे. सहा मिलिमीटर जाडीची."

"इतका भारी माल कायले, भाऊ?"

आणि मी नियम पाळला. "संत्रा धुयाच्या मशीनले," मी म्हटलं. "नागपूरचं गिऱ्हाईक आहे. त्याले नंबरी माल पाहिजे, फॅशन आहे त्याची."

तासभर भाव चालला. मी दोनदा चपला घालून दुकानाच्या पायऱ्या उतरलो, दोनदा त्याने हाक मारली. तिसऱ्यांदा मी जो भाव बोललो तो मलाच लाज वाटावी असा होता. तो एकदम हो म्हणाला. "घेऊन जा बाप्पा. तुमी माह्या दुकानाले कुलूप लावसान एखाद दिवशी." जो व्यापारी असा एकदम हो म्हणतो, त्याने भावातलं नुकसान मालातून काढायचं ठरवलेलं असतं. संत्र्याच्या बाजारात ही गोष्ट मी नव्या लोकांना शिकवत असे. त्या दिवशी मात्र मी जिंकल्याच्या आनंदात होतो. मी खिशातलं चुंबक काढलं, पट्टीला लावलं, ते चिकटलं नाही. आमच्या धंद्यात चुंबक चिकटलं नाही की स्टील चांगलं. पक्कं बिल मी घेतलं नाही, बिलाशिवाय अजून थोडं कमी होत होतं. माल गाडीत टाकला आणि मूर्तिजापूरला थांबून चहा प्यायलो, खुशीत.

भावाने पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"कागद?"

"कागद कायले? बारा वर्षांचा माणूस आहे आपला."

"दादा, नक्की ना?"

"मी लोखंड घेऊन राहिलो होतो तवा तू जहाजावर पोळ्या खाऊन राहिला होता. मले नको शिकवू."

त्याने पट्टी खाली ठेवली. मोठ्या भावाला तिसऱ्यांदा विचारायचं नाही, अशा घरात आम्ही वाढलो. मी स्वतः पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, आरशासारख्या घासल्या. बसवताना डेकच्या फटीत चांगला चिकट मसाला भरला. काम सुंदर झालं होतं. ते मी आजही म्हणेन.

नाव तयार झाल्यावर भावाला ती उलटून पाहायची होती. परवानगीच्या खेपा घालून आम्ही ती मोर्शीजवळच्या धरणावर नेली. डोलकाठीच्या टोकाला दोर बांधला आणि काठावरून आम्ही दहा माणसांनी तो ओढला. नाव कलत गेली, कलत गेली, शेवटी काठी पाण्याला टेकली. शिडाच्या नावेच्या पोटाखाली जड कणा असतो, तो पाण्याबाहेर आला आणि मी डोळे मिटले. भाऊ आत होता, दारं लावून. त्याने आतून शिट्टी मारली, तशी आम्ही दोर सोडला. नाव हलली आणि झटक्यासरशी उभी झाली. काठी सरळ. झडप उघडून त्याने डोकं वर काढलं तेव्हा त्याचे केस कोरडे होते.

"पट्ट्या पाह्य, दादा!" तो ओरडला. "हालल्या नाहीत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डाळमिलवाल्याने पेढे आणले होते. धरणाच्या गोड्या पाण्यात काय हलणार होतं?

पावसाळा संपल्यावर नाव कोकणात गेली. पहिला हिवाळा तो किनाऱ्याकिनाऱ्याने फिरला. दोन महिने जायचा, परत यायचा, बँकेची नोकरी सोडलेली. त्याच्या बायकोने हे सगळं कसं सोसलं ते तिलाच ठाऊक. तिने मला फक्त एकदा विचारलं, "भाऊजी, नाव मजबूत आहे ना?" मी म्हटलं, "मी बांधली आहे." ती म्हणाली, "म्हणूनच विचारलं." आणि हसली. तिला माझा स्वभाव माहीत होता, पण तिचा विश्वासही होता.

दुसऱ्या हिवाळ्यात तो मोठ्या सफरीला निघणार होता, एकटा. निघायच्या अकरा दिवस आधी त्याचा फोन आला.

"दादा, डावीकडच्या एका पट्टीच्या मुळाशी तांबूस ओघळ दिसून राहिला."

"किती?"

"थोडा. घासला की जाते. पण परत येते. काढून पाहू का? काढली तर मसाला, बोल्ट सारं नवीन लागंल. मंग मोसम जाते हातचा."

मी म्हटलं, थांब, विचारून सांगतो. आणि मी अकोल्याला फोन लावला. या फोनसाठी मी हे सगळं लिहीत आहे, म्हणून तो शब्दाशब्दाने सांगतो.

मी म्हटलं, "शेठ, तुमच्याशी एक खोटं बोललो होतो. ती पट्टी संत्र्याच्या मशीनले नव्हती. माह्या भावाच्या नावेले आहे. शिडाची नाव. तो समुद्रात जाऊन राहिला, एकटा. पट्टीच्या मुळाशी गंज आला आहे. खरं सांगा, माल तीनशे सोळाच होता ना?"

तो म्हणाला, "हाव. माल पक्का आहे. खारी हवा लागली की वरून असं दिसते. पॉलिश मारा."

मी परत विचारलं. त्याआधी आयुष्यात मी कुणाला एक गोष्ट दोनदा विचारलेली नव्हती. "माहा सख्खा भाऊ आहे, शेठ."

"मंग तर मी खोटं बोलीन का, भाऊ?"

मी भावाला सांगितलं, पॉलिश मार. त्याने मारलं. अकरा दिवसांनी तो निघाला.

त्याच्या कमरेला एक यंत्र असायचं, ते रोज सकाळी तो कुठे आहे त्याचा ठिपका आमच्या मोबाइलवर पाठवायचं. त्याची बायको तो ठिपका क्लासच्या फळ्याशेजारच्या नकाशावर टाचणीने लावायची, आणि मुलं अंतर मोजायची. नवव्या दिवसापर्यंत टाचण्या सरळ रेषेत गेल्या. दहाव्या दिवशी ठिपका आला नाही. ती म्हणाली, ढग असतील. बाराव्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. क्लास सुरू होता, ती पायऱ्यांवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही निघा."

तिला फोन आला होता, नाव कोळ्यांना सापडली म्हणून. त्यांनी ती ओढून केरळातल्या एका बंदरात आणली होती. मी तिथे पोचलो तेव्हा ती धक्क्याला शांत बांधलेली होती. डोलकाठी नव्हती. मी आत उतरलो. आत सगळं कोरडं होतं. बॅटरी जागेवर, डबे जागेवर, स्टोव्ह जागेवर. झडपेचं रबर जसंच्या तसं. आम्ही दोघांनी आठ महिने जे जे केलं होतं ते सगळं टिकलं होतं. पडली होती फक्त काठी, आणि नव्हता फक्त तो. डेकवरचा लांब दोर ताणलेला होता, त्याची कमरेची दोरी त्याच दोराला लोंबत होती, टोकाची कडी उघडी. पडलेली काठी तारांना लटकून नावेच्या पोटावर आपटत राहते, ती कापून टाकावी लागते, हे त्याने मला शेडमध्ये सांगितलं होतं. तेच करायला तो कडेला गेला असेल. बाकी मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही.

डावीकडची मधली पट्टी डेकच्या पातळीत तुटली होती. वरचा भाग तारेसोबत गेला होता. खालचा मी बोल्ट सोडवून काढला. अंगावर ती अजून चमकत होती, माझ्याच हाताचं पॉलिश. तुटलेल्या तोंडावर आत काळं, भुसभुशीत, आणि उजळ धातू फक्त एका कडेला, करंगळीच्या नखाएवढा. तेवढ्यावर काठी उभी होती, कुणास ठाऊक किती दिवस.

बंदरात नावा दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्याने पट्टीचा एक कोपरा घासला, त्यावर बाटलीतल्या औषधाचा थेंब टाकला आणि लहान बॅटरीची तार टेकवली. शेजारी स्वतःकडचा तीनशे सोळाचा एक तुकडा ठेवून त्यालाही तसंच केलं. त्याच्या तुकड्यावर रंग आला. माझ्या पट्टीवर आला नाही.

"ये समुंदर का नहीं है," तो म्हणाला. "ये रसोई का है."

"चुंबक नहीं चिपकता," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी दया आली असावी. "बर्तन को भी नहीं चिपकता, साब."

तो थेंब माझ्या शेडमध्ये एका मिनिटात टाकता आला असता. ती बाटली अमरावतीतही मिळते. मी तीस वर्षं स्टील विकत घेतलं आणि ती कधी आणली नाही.

तिथून मी घरी न जाता आधी अकोल्याला गेलो. व्यापाऱ्याने चहा मागवला. मी तुटलेली पट्टी त्याच्या गादीवर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. तो हळहळला, खरंच हळहळला. मग म्हणाला, "भाऊ, तुमीच संत्र्याचं मशीन म्हणले होते. संत्र्याले काय फरक पडते? आन् त्या भावात तीनशे सोळा येते का कुठी? तुमाले तर समजते हे."

"हो," मी म्हटलं. "समजाले पाहिजे होतं. आन् फोनवर?"

"कोणता फोन?"

"गंज आला म्हणून केला होता तो. पट्टी नावेले आहे म्हणून सांगितलं तो."

त्याने चष्मा काढून पुसला. "फोनवर काय बोलले मले याद नाही. दिवसाचे शंभर फोन येतात."

चहाचा कप मी त्याच्या अंगावर फेकला की गादीवर, मला आठवत नाही. नोकरांनी मला धरून बाहेर काढलं. मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे विचारलं, बिल आहे का? नव्हतं. वकिलाने विचारलं, नंबर लिहून दिलेला कागद आहे का? नव्हता. कोर्टात न्यायला माझ्याजवळ एक तुटकी पट्टी आहे आणि माझा शब्द आहे.

भावाच्या बायकोला मी सगळं सांगितलं. मुंबईहून माल न आणल्याचं, बिल न घेतल्याचं, खोटं बोलून भाव पाडल्याचं, त्याने दोनदा विचारलं होतं ते. काही राखून ठेवलं नाही. ती ऐकत होती. रडली नाही. प्रेत सापडलं नाही, म्हणून कायद्याने तो अजून जिवंत आहे, तिच्या कपाळावर कुंकू आहे, आणि आमच्याकडच्या बायका त्यावरूनही कुजबुजतात. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"त्या माणसाला माहीत होतं का, भाऊजी? तुमचा फोन आला तेव्हा?"

याचं उत्तर एकाच माणसाजवळ आहे.

तर शेठ, तुम्ही हे वाचाल किंवा कुणी तुम्हाला वाचून दाखवील. संत्र्याचं मशीन म्हणालो, ते खोटं माझं. बिल घेतलं नाही, तो लोभ माझा. भाव पाडला, तोही मी. त्याचा हिशोब मी भावाच्या बायकोपुढे दिला आहे आणि मरेपर्यंत देत राहीन. पण त्या फोनवर मी तुम्हाला खरं सांगितलं होतं. तुमच्याजवळ अकरा दिवस होते. माल दुसरा होता, काढून टाका, एवढं म्हणायला एक फोन पुरला असता. मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या आणि माझा भाऊ एक मोसम चुकवून घरी बसला असता. तुम्ही माल पक्का म्हणालात आणि मग गप्प बसलात. का, ते सांगा. मला नका सांगू, मी तुमचा गळा धरीन. राजापेठेत या, सकाळचा क्लास सुटल्यावर या, तिच्यासमोर बसा आणि तिने विचारलं त्याचं उत्तर द्या.